सुकलेला दात

आमच्या धंद्यात मुलाखत दुसऱ्याच्या तोंडात होते. म्हणजे असं, की आम्ही दात करतो. आम्ही दंतवैद्य नव्हे. दंतवैद्य मोडका दात घासून त्याचा खुंट ठेवतो, साचा घेतो, आणि त्या खुंटावर बसणारी पोर्सेलिनची टोपी आमच्यासारखे लोक लॅबमध्ये बसून ब्रशने थरावर थर देऊन, भट्टीत भाजून बनवतात. कुणाला कामावर ठेवायचं असेल तर लॅबवाले प्रमाणपत्रं फारशी बघत नाहीत. एखादा खरा पेशंट बोलावतात, समोरचा एकच दात करायला सांगतात, आणि तो तोंडात बसवून बघतात. समोरचे चारही दात करायचे असले तर आपलं आपल्याशीच जुळवायचं असतं. एकच करायचा तर शेजारी देवाने केलेला दात बसलेला असतो, आणि तो काही आपल्यासाठी सरकून घेत नाही.

मी आणि माझा साडू एकाच लॅबमध्ये, एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायचो. साडू म्हटल्यावर खरं तर अहो-जाहो करायला हवं. पण आमची ओळख आधी टेबलावरची. त्याला मीच माझ्या मेहुणीसाठी सुचवला होता. त्यामुळे अरे-तुरेच राहिलं. लॅबमध्ये त्याला सगळे भट्टीबुवा म्हणायचे, कारण तो भट्टीपासून हलायचा नाही. मला म्हणायचे रंगारी. दवाखान्यात जाऊन पेशंटच्या दाताचा रंग ठरवून आणायचं काम माझ्याकडे होतं. बुवा भलता लाजाळू. परक्या माणसाच्या तोंडात डोकवायचं म्हटलं की त्यालाच घाम फुटायचा. मग मी रंग आणायचो, कागदावर लिहून त्याच्यापुढे टाकायचो, आणि तो असा दात करायचा की स्वतः पेशंटला आरशात शोधावा लागायचा. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला. हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. पगार चालू होता ना, मग कशाला वाटेल.

मग मालकांनी यंत्र घेतलं. कॉम्प्युटरवर दात काढायचा, यंत्र तो ठोकळ्यातून कोरून देतं. आधी मागच्या दातांचं काम गेलं, मग पुढच्यांचं. मालक डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, तुम्ही माझ्या घरचेच आहात. घरच्यांना काढून टाकायला त्यांना फार जड गेलं म्हणे. पण काढलं.

तेव्हापासून आम्ही दोघं जोडीने नोकरी शोधतोय. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या घरी डबल बेडच्या कडेला बसायचं आणि मोबाइलवर अर्ज करायचे. बुवा वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे चप्पल न घालताच येतो. अर्ज केला की लगेच उत्तर येतं, तुमचा अर्ज मिळाला. त्यानंतर काहीच येत नाही. एका मोठ्या कंपनीत आम्हाला बोलावलं तेव्हा तिथल्या मुलीने मला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता. मी म्हटलं, बहुतेक तुमच्याच दाराबाहेर. बुवा बाहेर आल्यावर खो खो हसला. मग दोघांनी खिशातले बसचे पैसे मोजले.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की कुठेही जागा दिसली तर एकमेकांना सांगायचं, लपवाछपवी करायची नाही. ज्याला लागेल त्याला लागेल, दुसऱ्याचं घर तोवर तो सांभाळेल. दुपारचं जेवणही एकाच ठिकाणी व्हायला लागलं, आमच्याकडे. मेहुणी वरून भांडं घेऊन यायची. "भावोजी, आज तरी काही आलं का?" असं रोज विचारायची, आणि माझं तोंड बघून उत्तर ऐकायच्या आधीच पाटावर बसायची.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की मी जे केलं ते कुणा शत्रूशी केलं नाही.

एका लहान लॅबच्या मॅडमचा फोन आला. त्यांना यंत्र परवडत नव्हतं, किंवा आवडत नव्हतं, काही का असेना, त्यांना हाताने काम करणारा माणूस हवा होता. एकच. त्या म्हणाल्या, दोघंही या, एकाच पेशंटचा एकच दात दोघंही करा, ज्याचा बसेल तो राहील. बसमध्ये बुवा मला म्हणाला, "तुला लागली तरी मला सारखंच आहे रे." मी म्हटलं, "मलाही तसंच." त्याने ते मनापासून म्हटलं होतं. मी मात्र तेव्हापासूनच हिशेब करायला लागलो होतो. माझी मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. बायकोने कपडे शिवायचं काम घेतलेलं, तिची मान धरायला लागलेली. आणि दोघांचे दात शेजारी शेजारी ठेवले तर कुणाचा उचलतील हे मला बसमध्ये बसल्या बसल्या ठाऊक होतं.

पेशंट एक मध्यमवयीन बाई होत्या, कुठल्याशा बँकेत काउंटरवर बसणाऱ्या. फार शांत. खुर्ची खिडकीपाशी, उजेड छान. मॅडमनी त्यांच्या ओठांना प्लास्टिकची ती कडी लावली, जिच्यामुळे ओठ बाजूला राहतात आणि दात उघडे पडतात. "आधी कोण?" त्या म्हणाल्या. बुवाने मला पुढे ढकललं. नेहमी मीच बघायचो ना रंग.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दाताचा खरा रंग तो ओला असताना दिसतो. तोंड उघडं ठेवलं, वारा लागला, की थोड्याच वेळात दात सुकतो आणि फिका पडतो. पांढरट, खडूसारखा. पुन्हा ओला होऊन मूळ रंगावर यायला त्याला बराच वेळ लागतो, नुसती जीभ फिरवून भागत नाही. म्हणून रंग बघणारा माणूस आल्या आल्या पहिल्या नजरेत रंग ठरवतो आणि लगेच तोंड मिटायला सांगतो. दवाखान्यात जाणाऱ्याला हे माहीत असतं. भट्टीपाशी बसणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. त्याच्यापुढे साच्यातला दात असतो आणि कागदावरचा रंग.

मी रंगांच्या नमुन्यांची पट्टी खुंटाशेजारच्या दाताला लावली आणि मला रंग लगेच मिळाला. थोडा पिवळसर, मुळाशी तांबूस, टोकाला काचेसारखा. लिहून घेतला. काम झालं होतं. मी तेव्हाच कडी काढायला हवी होती.

मी काढली नाही. आधी वाटलं, मॅडम बघताहेत, एवढ्यात उठलो तर निष्काळजी वाटेन. म्हणून दुसरा नमुना लावून बघितला, मग तिसरा. मोबाइलवर फोटो काढले. बाईंना विचारलं, त्रास होत नाही ना. मॅडमना फोन आला, त्या आतल्या खोलीत गेल्या. आता तर कुणाला दाखवायचंही राहिलं नव्हतं. आणि तेव्हा मला दाताच्या टोकाशी पांढरी झाक चढताना दिसली. मी ती बघितली. ती बघत बघत मी आणखी एक फोटो काढला. मग आणखी एक.

मग मी उठलो आणि म्हणालो, "ये बुवा."

कडी तशीच होती. बुवा घाबरत घाबरत खुर्चीपाशी आला, बाईंना नमस्कार केला, त्या बिचाऱ्या उघड्या तोंडानेच हसल्या. त्याने पट्टी लावली, काढली, परत लावली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "अरे रंगारी, मला जरा फिकाच वाटतोय. असेल का एवढा फिका? तुला काय दिसतं?"

इतकी वर्षं त्याने माझ्या शब्दावर दात केले. त्याला वाटलं, आत्ताही विचारावं. स्पर्धा आहे, विचारू नये, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी म्हटलं, "तुला दिसतो तोच घे."

बघा, यात खोटं एक अक्षर नाही. म्हणूनच मला ते वाक्य सुचलं असावं.

दोन्ही दात तयार झाल्यावर मॅडमनी बाईंना परत बोलावलं. माझा आधी बसवला. ठीक बसला. सुरेख नाही म्हणणार मी, पण लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं. मग बुवाचा काढला. तो मॅडमच्या तळहातावर होता तोवर मी मान खाली घातली होती, इतका तो देखणा होता. टोकाशी बारीक रेषा, जशा खऱ्या दातावर असतात तशा. मॅडमनी तो उजेडात धरून फिरवून बघितला. मग त्यांनी तो बाईंच्या तोंडात बसवला, आणि सगळ्यांनाच दिसलं. अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्यासारखा तो एकटाच पांढरा चमकत होता.

"हात फार सुंदर आहे हो तुमचा," मॅडम म्हणाल्या. "पण हा दात या तोंडातला नाही."

बुवाने पुन्हा पुन्हा वाकून बघितलं. शेजारचा दात, आपला दात. "मला तर असाच दिसला होता," तो म्हणाला. मॅडमनी तो काढून डबीत ठेवला. मी खिडकीबाहेर बघत होतो.

नोकरी मला लागली. घरी आल्यावर बायकोच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे मी विसरून गेलो होतो. मेहुणी वरून धावत आली, तिने बहिणीला मिठी मारली. मग बाजूला होऊन डोळे पुसले. ते आनंदाचे होते की कशाचे, मी विचारलं नाही. बुवा म्हणाला, "एकाचं तरी झालं," आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्याची ती थाप अजून मला जाणवते, इथे, डाव्या खांद्याखाली.

वाटलं होतं, दोन-चार दिवस टोचेल आणि मग कामात विसरून जाईन. तसं झालंही असतं कदाचित. पण बुवा अर्ज करायला खाली येईना. मी कामावरून आल्यावर बायको म्हणाली, "त्यांचं काहीतरी बिनसलंय. गच्चीवर बसतात आणि दोरीवरचे कपडे बघत राहतात." मी वर गेलो. खरंच तो कपड्यांसमोर उभा होता. मला म्हणाला, "तो टॉवेल पांढरा आहे का रे, की जरा पिवळा?"

"पांढरा आहे. का?"

"मलाही पांढराच दिसतोय. पण आता माझा भरवसा नाही." तो हसला. "माझी नजर गेली, रंगारी. त्या दिवशी त्या बाईंच्या तोंडात मला पिवळा दिसलाच नाही. इतके दिवस तू रंग लिहून द्यायचास म्हणून झाकलं गेलं. डॉक्टर म्हणतो डोळे ठीक आहेत, पण त्याला काय कळतंय दातांतलं. नजर गेलेल्या माणसाने हा धंदा करू नये. मी गोदामावर रखवालदाराचं विचारून आलोय."

मग त्याने आत जाऊन एक कापडी गुंडाळी आणली. त्याचे ब्रश. बारीक केसांचे, त्याने जिवापाड जपलेले, कुणाला हात लावू दिला नाही कधी. "तुझे झिजलेत," तो म्हणाला. "नव्या जागी झिजलेले ब्रश बरे दिसत नाहीत."

मी ती गुंडाळी हातात घेऊन उभा राहिलो. मला अक्षरशः जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नोकरी घेतली तोवर मी मनाशी म्हणत होतो की जागा एकच होती, कुणाला तरी मिळणारच होती. पण मी त्याचे डोळेही घेतले होते. जो माणूस आंधळ्या विश्वासाने काम करायचा, त्याला मी स्वतःवरच अविश्वास ठेवायला शिकवला होता.

म्हणून मी सांगितलं. अर्धं.

"बुवा, तुझी नजर चांगली आहे," मी म्हटलं. "दात सुकला होता. तोंड फार वेळ उघडं राहिलं की दात फिका पडतो. तुला जे दिसलं ते बरोबरच दिसलं. तेव्हा तो तसाच होता."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट बघत होतो की तो पुढचं विचारेल. तुला कधीपासून माहीत आहे? मग मला का नाही सांगितलंस? मी उत्तरं तयार ठेवली होती, खरी आणि खोटी दोन्ही. पण त्याच्या चेहऱ्यावरून असं काही ओझं उतरलं की विचारायचं त्याला सुचलंच नाही. "म्हणजे नजर आहे?" एवढंच तो म्हणाला. मग खाली तोंड करून, "हे सांगायला तू मुद्दाम वर आलास."

मी ब्रश परत देऊ लागलो. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, तुला राहू दे, मी नवे घेईन, आता मला लागतीलच. मग जिन्यातून ओरडून त्याने बायकोला सांगितलं, "अगं, डोळे ठीक आहेत." माझी बायको खालच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. मी खाली आलो तेव्हा तिने माझ्या हातातली गुंडाळी बघितली आणि विचारलं, "दात सुकतो हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?" मी म्हटलं, पाणी दे. तिने पाणी दिलं. परत विचारलं नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

रोज सकाळी मॅडमच्या लॅबमध्ये मी त्याच ब्रशांनी काम करतो. ते माझ्या हातात नीट बसत नाहीत. बुवा पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून हिंडायला लागला आणि भेटेल त्याला सांगायला लागला की माझ्या साडूने डोळे उघडले, नाहीतर मी आज गोदामाबाहेर शिट्टी वाजवत बसलो असतो. मेहुणी मला आधी भातावर तूप वाढायला लागली. मी नको म्हणायचो. तिला वाटायचं, मी संकोचतोय.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. आदल्या दिवशी बुवाची एका लॅबमध्ये चाचणी होती, तशीच, समोरचा एक दात, आणि निकाल त्याला सकाळी फोनवर कळला होता. तो काही बोलेना म्हणून मेहुणीनेच विचारलं.

"नाही झालं," तो म्हणाला. "दुसरी एक बाई होती, तिला मिळालं. चांगला झाला होता तिचा दात. माझ्यापेक्षा नीट बसला."

"रंग चुकला का परत?" मेहुणीचा आवाज बारीक झाला.

"छे. रंग आता कसा चुकेल?" त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकाने. "उलट त्या बाईचाच चुकत होता. माझं बघून झालं, मग ती आली, आणि आपली पट्टी लावतेय, काढतेय. पेशंटचं तोंड उघडंच. तीही माझ्यासारखी, भट्टीपाशी बसणारी, तिला काय माहीत. मला म्हणाली, दादा, एवढा फिका असेल का हो. मग मी सांगितलं. कडी काढायला लावली, पेशंटला तोंड मिटून बसवलं, आम्ही दोघं बाहेर जाऊन सावकाश चहा घेऊन आलो, तोवर दात ओला झाला होता. मग तिने बघितला."

मेहुणीने भांडं खाली ठेवलं. "तुम्ही सांगितलंत? कशाला? नसतं सांगितलं तर ती जागा तुमची होती."

"असेल."

"असेल काय असेल? घरात काय चाललंय दिसत नाही का तुम्हाला?"

"अगं, मी आपणहून कुठे गेलो सांगायला?" बुवा खरोखरच गोंधळून म्हणाला. "तिने विचारलं ना मला. विचारल्यावर माहीत असून कसं नाही सांगायचं?"

माझी बायको ताटाकडे बघत होती. तिने घास हातात घेतला होता, तो तसाच होता. बुवाने माझ्या ताटात काय संपलंय ते बघितलं आणि वाढायला भांडं उचललं. त्याच्या मनात काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

"बुवा," मी म्हटलं, "तूही मला विचारलं होतंस."

वाढता वाढता त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघायला लागला. आधी काही न कळल्यासारखा, आणि मग हळूहळू कळत जावं तसा. मी नजर हलवली नाही. तेवढं तरी मी त्याचं देणं लागत होतो.

"हो," तो म्हणाला. "विचारलं होतं."

मग त्याने हातातलं माझ्या ताटात वाढलं, भांडं खाली ठेवलं, आणि हात न धुताच उठून वर निघून गेला.